जुन्या ट्रॅक्टरसाठी हातपंपाचं रेडिएटर प्रेशर टेस्टर किट : घ्यावं का? हो, पण कॅपचं माप बघून

जुनं इंजिन पाणी खायला लागलं की दहातले नऊ जण एकच सांगतात, हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग) गेलंय, हेड उतरवा. आणि मग हेड उतरतं, फेसिंग होतं, नवीन गॅसकेट बसतं आणि रेडिएटर परत रिकामा तो रिकामाच, कारण पाणी जात होतं भलतीकडूनच. म्हणून माझं मत आधीच सांगतो, पाना लावायच्या आधी हे किट लावा. जुना ट्रॅक्टर स्वतः सांभाळणाऱ्या माणसाकडे ही वस्तू पाहिजेच.

किटमध्ये काय येतं, तर एक छोटा हातपंप, त्यावर काट्याचं गेज, एक होज आणि रेडिएटरच्या तोंडावर बसणारे वेगवेगळ्या मापाचे ॲडाप्टर. रेडिएटर गळ्यापर्यंत भरायचा, कॅपच्या जागी ॲडाप्टर बसवायचा, पंप मारायचा आणि काटा बघत बसायचं. इंजिन बंद आणि पूर्ण थंड पाहिजे. गरम रेडिएटरची कॅप उघडून भाजून घेऊ नका हे तर आहेच, पण गरम इंजिन थंड होताना प्रेशर आपोआप पण उतरतं, मग काटा लीकेजमुळे खाली आला का थंड झाल्यामुळे ते कळतच नाही. आणि पाणी गळ्यापर्यंत भरा म्हणतोय ते पण उगाच नाही, वर हवा जितकी कमी तितका बारीक लीकेजला पण काटा पटकन हलतो, अर्धा रेडिएटर रिकामा असेल तर ती हवाच दाबलेली राहते आणि काटा बराच वेळ फसवतो.

आता प्रेशर किती मारायचं. हे कॅपवर लिहिलेलं असतं तेवढंच. जुन्या ट्रॅक्टरला बऱ्याचदा 7 पीएसआयची (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) कॅप असते, म्हणजे साधारण अर्धा बार, काहींना 4 ची पण असते, आणि फार जुन्या इंजिनांना तर प्रेशर कॅपच नसते, पाणी नुसतं गरम होऊन वर चढतं आणि थंड होऊन खाली येतं एवढ्यावरच चालतात ती. अशा रेडिएटरला कारसारखं 15 मारलंत तर बिचाऱ्या पितळी टाकीचं डाग दिलेलं सांध्याचं काम उसवणार. किटसोबतच्या कागदावर यातलं एक अक्षर नाही, ते असायलाच पाहिजे होतं.

याच मुद्द्यावर किटचे गुण कापतो. गेज 35 पीएसआयपर्यंतचं आहे, म्हणजे आपलं 7 चं सगळं काम पहिल्या पाचव्या भागात उरकायचं, अर्धा पीएसआय उतरला तर डोळे ताणून बघावं लागतं. मी काट्याच्या जागी काचेवर मार्करने बारीक रेघ मारतो, त्याने बरंच सोपं जातं. दुसरं म्हणजे ॲडाप्टर. जुन्या रेडिएटरचं तोंड मोठं आणि खोल असतं, किटमधले बरेचसे ॲडाप्टर कारच्या मापाचे, ते तिथे डुगडुगतात. रबरी बूच फुगवून बसवायचं युनिव्हर्सल ॲडाप्टर ज्यात असेल तेच किट घ्या. आणि काटा पडला की आधी ॲडाप्टरच्या कडेला साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गळतंय ते किट, इंजिन नाही.

कामाला मात्र एकदम पक्कं आहे. आमच्या तीन सिलेंडरच्या इंजिनला 7 वर नेऊन सोडलं तर काटा हळूहळू 5 वर आला. वरचा होज, खालचा होज, क्लिपा, सगळं हात फिरवून बघितलं, कोरडं. वॉटर पंपच्या खाली जे बारीक भोक असतं, सील गेलं की जिथून टिपूस येतो, ते पण कोरडं. मग बॅटरी आणि छोटा आरसा घेऊन ब्लॉकची बाजू बघितली तर स्टार्टरच्या मागे कोअर प्लगच्या, म्हणजे ब्लॉकचं भोक बुजवणाऱ्या पत्र्याच्या वाटीच्या कडेला तांबूस ओघळ, आणि आरशात बघता बघता त्या ओघळाच्या टोकाला एक थेंब फुगला, सुटला आणि दुसरा तयार व्हायला लागला. चालू इंजिनमध्ये हे दिसलंच नसतं, गरम ब्लॉकवर एवढंसं पाणी खाली पडायच्या आधीच वाळून जातं. साध्या पत्र्याची वाटी गंजलेली, आणि आरोप चालला होता हेड गॅसकेटवर.

काटा पडतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातंय असं समजा. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनचा चेंबरचा (खालच्या तेलाच्या टाकीचा) ड्रेन नट अगदी थोडा सैल करा, पाणी तेलाच्या खाली बसतं त्यामुळे ते आधी बाहेर येतं. ओल्या लायनरच्या इंजिनात (ज्यात सिलेंडरच्या नळीला बाहेरून थेट पाणी लागतं) हे बहुतेक खालच्या ओ-रिंगमधून येतं, नाहीतर लायनरलाच बारीक भोकं पडलेली असतात. सिलेंडरमध्ये पाणी गेल्याची शंका असेल तर कृपा करून सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी डिझेल फवारणारे नोझल काढा, मग इंजिन फिरवा, ज्या भोकातून पाण्याचा फवारा येईल तो सिलेंडर.

एका ठिकाणी मात्र थंड टेस्ट कमी पडते. गॅसकेट अशा जागी फाटलेलं असतं की 7 पीएसआयला पाणी आत शिरत नाही पण फायरिंगचा गॅस बाहेर पाण्यात घुसतो. काटा ठाम उभा आणि तरी चालू केलं की पाणी बाहेर फेकतंय, असं असेल तर प्रेशर सोडून टेस्टर तसाच ठेवा, थंड इंजिन चालू करा आणि काट्यावरच नजर ठेवा. पाणी तापायच्या आधीच काटा भराभर चढला तर गॅस येतोय. कॅपच्या आकड्याला पोचायच्या आत इंजिन बंद करा आणि प्रेशर सोडा. खात्री करायला निळ्या लिक्विडचा ब्लॉक टेस्टर वेगळा मिळतो, रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली की गॅस असेल तर रंग हिरवा-पिवळा होतो. डिझेलला नुसत्या आयडलवर रंग लवकर बदलत नाही, थोडा लोड द्यावा लागतो, आणि कूलंट त्या नळीत ओढलं गेलं तर लिक्विड वाया, म्हणून आधी पातळी थोडी खाली करा.

किटमध्ये कॅप तपासायचा जोड पण येतो, तो डब्यात पडून ठेवू नका. कॅपची स्प्रिंग मेली की प्रेशर धरत नाही, दर पीएसआयला उकळबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो तो फायदा गेला, आणि इंजिन धडधाकट असून पाणी ओव्हरफ्लोतून जात राहतं. हात धुवायच्या आधी होऊन जाते ही टेस्ट.