लेकीच्या अमेरिकेतल्या करासाठी जळगावातले सल्लागार

लेक न्यू जर्सीहून पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्गला गेली आणि तिच्या डब्ल्यू-२ फॉर्मवर (कंपनी दरवर्षी देते तो पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) पगाराचे दोन आकडे आले: पहिल्या चौकटीत ७२ हजार डॉलर, सोळाव्या चौकटीत ८० हजार. कंपनीनं घोळ घातला असं वाटून पोरगी फोनवर रडकुंडीला आलेली. मी प्रिंट घेऊन रिंग रोडवरच्या या ऑफिसात गेले.

सरांनी दोन्ही चौकटींना पेन्सिलीनं गोल केला: पहिली केंद्राच्या करासाठी, सोळावी राज्याच्या. ४०१(के) या निवृत्तीसाठीच्या बचत खात्यात टाकलेल्या ८ हजारांवर अमेरिकेच्या केंद्र सरकारचा आयकर आत्ता लागत नाही, न्यू जर्सीचाही नाही. पेनसिल्व्हेनिया मात्र त्यावर ३.०७ टक्के लगेच घेतं, म्हणजे २४५ डॉलर ६० सेंट. निवृत्तीनंतर पैसे काढताना ते राज्य कर लावत नाही. "ताई, पेरणीला घेतलं, वेचणीला सोडलं," असं म्हणाले. कापसाच्या घरातली मी, लगेच कळलं.

दरवर्षीचा डब्ल्यू-२ जपायलाही सांगितलं. निवृत्तीच्या वयाआधी पैसे काढले तर आधी कर भरल्याचा पुरावा तोच.

फी १,५०० रुपये. दीड तास बसावं लागलं, पंखाही नव्हता. म्हाताऱ्या माणसांसाठी तेवढं करा. पण इतकं नीट मला कुणीच समजावलं नव्हतं. लेक त्या रात्री शांत झोपली.