ओम्नीच्या टपावरचे पॅनेल आणि दोन कंट्रोलर

लहान गाडीच्या टपावर 100 वॉटचे एखादे सौर पॅनेल आणि आसनाखाली 12 व्होल्टची एक बॅटरी, एवढ्याच मांडणीसाठी पॅनेलमधून बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर साधा पीडब्ल्यूएम घ्यावा की महागडा एमपीपीटी, हा प्रश्न माझ्यापुढेही होता. माझ्या ओम्नीत मी आधी पहिला वापरला आणि नंतर दुसरा बसवला, त्यामुळे पुढील मत अनुभवाचे आहे, प्रयोगशाळेतले नव्हे.

उत्पादनाचा हिशोब सर्वांना ठाऊक असतो. पीडब्ल्यूएम पॅनेलला थेट बॅटरीशी जोडतो, म्हणून 18 व्होल्टला साडेपाच अँपिअर देणारे पॅनेल बॅटरीच्या 12.8 व्होल्टपर्यंत खाली ओढले जाते आणि 100 वॉटपैकी 70च्या आसपास हाती लागतात. एमपीपीटी वरचे व्होल्ट वाया न घालवता त्यांचे अँपिअरमध्ये रूपांतर करतो. मात्र हा फरक बारमाही सारखा राहत नाही. मे महिन्यात कोकणातल्या उन्हात टप तापला की पॅनेलचे व्होल्टेज 15-16 पर्यंत उतरते आणि एमपीपीटीची आघाडी बरीच घटते. भंडारदऱ्याच्या थंडीत सकाळी मात्र ती स्पष्ट जाणवते. केवळ जास्त विजेसाठी कित्येक पटींनी पैसे मोजावेत का, याबद्दल मी आग्रह धरणार नाही. तेवढ्या पैशांत दुसरे पॅनेल येत असेल आणि टपावर जागा असेल, तर तोही विचार योग्यच आहे.

माझा निर्णय वेगळ्याच कारणाने झाला. पावसाळ्याच्या अखेरीस हर्णैला दोन दिवस आभाळ भरलेले होते आणि 42 अँपिअर-अवरची लेड बॅटरी आधीच उतरलेली होती. कंट्रोलरमध्ये 11 व्होल्टला लोड, म्हणजे पंखा-दिवे, तोडण्याची मर्यादा घातलेली असल्याने मी पंखा चालू ठेवून निश्चिंत झोपलो. रात्री जाग आली तेव्हा पडद्यावरचे बल्बचे चिन्ह विझलेले होते, म्हणजे कंट्रोलरच्या लेखी लोड बंद झाला होता, आणि पंखा मात्र फिरत होता. मला वाटले, चिन्हातच बिघाड असेल. सकाळी मीटर लावला तर बॅटरी 9.4 व्होल्टवर आली होती, आणि त्यानंतर ती कधीच पूर्वीसारखी टिकली नाही.

कारण समजायला चार दिवस लागले. स्वस्त पीडब्ल्यूएममध्ये बहुधा धन बाजू सामाईक असते, म्हणजे पॅनेल, बॅटरी आणि लोडची धन टोके आतून एकमेकांना जोडलेली असतात, आणि तोडजोड ऋण बाजूला होते. घरी त्याने काही बिघडत नाही, पण गाडीत ऋण म्हणजे बॉडी, कारण बॅटरीचे ऋण टोक तिलाच जोडलेले असते. पंख्याची ऋण तार मी सवयीप्रमाणे बॉडीला अर्थ केलेली असल्याने, कंट्रोलरने आपल्या बाजूने लोड तोडला तरी विजेला परतीची वाट मोकळीच होती. प्रत्येक दिव्याची, पंख्याची आणि सॉकेटची ऋण तार बॉडीला न लावता स्वतंत्रपणे कंट्रोलरपर्यंत नेली, तर हा दोष टाळता येतो. ज्यांची मांडणी एका दिव्यापुरतीच आहे, त्यांना ते जमेल. मला आसनांखालून आणि पत्र्यामागून इतक्या तारा ओढण्याचा जाच सोसवला नाही.

सध्या माझ्याकडे व्हिक्ट्रॉन कंपनीचा 75/15 हा एमपीपीटी आहे. त्यात ऋण बाजू सामाईक आहे, म्हणून बॉडीवरून केलेले अर्थिंग त्याला चालते, आणि मर्यादा गाठली की पंखा खरोखर थांबतो. अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर बॅटरीचे व्होल्टेज दिसते, ही सोयही मला आता सोडवत नाही. बॅटरीपेक्षा पॅनेलचे व्होल्टेज 5 व्होल्टने वर गेल्याशिवाय तो चार्जिंग सुरू करत नाही, हे लक्षात असू द्यावे.

सगळेच एमपीपीटी सामाईक ऋणाचे असतात असे समजू नये. दुकानात कंट्रोलरला काहीही जोडलेले नसताना मल्टीमीटर बझरवर (दोन टोके आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून लोडच्या आणि बॅटरीच्या ऋण टोकांना टेकवावा. तो वाजला तर ऋण सामाईक आहे, आणि दोन्ही धन टोकांवर वाजला तर तो कंट्रोलर निदान गाडीसाठी तरी मी घेणार नाही.