फाइव्ह फोर्सेस आणि व्हीआरआयओ: आठ महिन्यांच्या वापरानंतर, नागपूरच्या छोट्या उद्योगांसाठी

स्ट्रॅटेजी शिकायला बसलं की पहिले काही आठवडे स्वॉटचे, म्हणजे बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके यांचे, चार चौकोन भरण्यात जातात. नागपुरात त्यातल्या ‘बलस्थानं’ या चौकोनातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आपण देशाच्या मध्यावर आहोत. मग झिरो माइल, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प, समृद्धी महामार्ग ओघाने येतात. दर आठवड्याला दोन तास, स्वतःच्या खातेवह्या समोर ठेवून आठ महिने फाइव्ह फोर्सेस आणि व्हीआरआयओ या दोन चौकटींवर काम केल्यावर सगळ्यात मोठा फायदा हा, की ते वाक्य खोडायची हिंमत येते. मध्यवर्ती जागा हिंगणा एमआयडीसीतल्या प्रत्येक शेडला सारखीच मिळालेली आहे. समृद्धीचा ७०१ किलोमीटरचा रस्ता इथला माल मुंबईकडे नेतो, तसाच तिकडचा स्पर्धक इथे आणतो. जे शेजाऱ्याकडेही आहे, त्याच्या जोरावर शेजाऱ्यापेक्षा जास्त नफा होत नाही.

हे तपासायचं अवजार म्हणजे व्हीआरआयओ (व्हॅल्यू, रेअरिटी, इमिटेबिलिटी, ऑर्गनायझेशन). त्याचं मूळ व्यवस्थापनाचे अभ्यासक जे. बार्नी यांच्या १९९१ च्या मांडणीत आहे. चार प्रश्न, क्रमाने: ग्राहकाला याचं मोल आहे का, हे दुर्मीळ आहे का, याची नक्कल अवघड आहे का, आणि याचा लाभ घेण्याची आपली व्यवस्था लागली आहे का. पहिल्या ‘नाही’वर थांबायचं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन यात घालून बघा. मोल नक्की आहे, पण ते साऱ्या पट्ट्याचं आहे, एकट्या व्यापाऱ्याचं नाही. दुसऱ्याच प्रश्नावर थांबतं. सैल सालीचं हे नाजूक फळ न दबता लांब पोचवणारी साखळी मात्र पुढे सरकते. प्रतवारी करणारे अनुभवी हात, भरण्याची पद्धत, वेळ पाळणारे ट्रक हे एकमेकांत गुंतलेलं असतं. नुसते क्रेट विकत घेऊन त्याची नक्कल होत नाही.

मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये मांडलेले फाइव्ह फोर्सेस, म्हणजे नफ्यावर दाब आणणाऱ्या पाच ताकदी (आताचे स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी माल, पुरवठादार आणि ग्राहक), जास्त वेळ खातात, आणि बिघडतात ते बहुधा पहिल्याच पायरीवर. आपला उद्योग नेमका कोणता, ही हद्द आधी आखावी लागते. ‘नमकीन’ ही हद्द नव्हे. ‘नागपूरपासून २०० किलोमीटरच्या आत किराणा दुकानात विकलं जाणारं पाच-दहा रुपयांचं पाकीट’ ही हद्द. ती आखली की दुसरी शेवेची कंपनी स्पर्धक ठरते आणि बिस्किटाचा पुडा पर्याय ठरतो. या दोघांची गल्लत झाली तर पुढचा सगळा तक्ता वाया जातो. निव्वळ हद्द ठरवायला दोन आठवडे द्यावेत.

दुसरी नेहमीची चूक पुरवठादारांच्या रकान्यात होते. तेल महागलं म्हणजे पुरवठादार बलवान झाला, असं लिहून मोकळे होतात. भाव सगळ्यांनाच चढला असेल तर तो खर्च आहे. पुरवठादार बदलायला आपल्याला किती दिवस आणि किती पैसे लागतील, यावरून त्याची ताकद कळते.

ग्राहकाची ताकद मात्र रुपयांत मोजता येते, आणि खरी मेहनत इथेच घ्यावी. पहिल्या पाच ग्राहकांकडून एकूण विक्रीचा किती टक्के भाग येतो ते काढा. मग उधारीचे दिवस धरा. १०० रुपयांचं बिल, ७५ दिवसांची उधारी आणि वर्षाला १२ टक्के व्याज, म्हणजे जवळपास अडीच रुपये ग्राहकाने न मागता नेले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली, की मुदत उलटली तर खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत त्या खर्चाची वजावट मिळत नाही. तरीही निम्मी विक्री एकाच कारखान्याला असलेला जॉबवर्कवाला तगादा लावताना दहा वेळा विचार करतो. ग्राहकाची ताकद म्हणतात ती हीच.

बाजाराची वाढ आणि आपला वाटा यांवरून उत्पादनं चार चौकोनांत मांडणारं बीसीजी मॅट्रिक्स छोट्या धंद्यात सोडून दिलं तरी चालेल. या दोन्हींचे भरवशाचे आकडे हाती नसतात.

या चौकटींची मोठी उणीव म्हणजे त्या एका क्षणाचं चित्र देतात. आपण हललो की समोरचा काय करेल, हे त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा रकाना जोडावा लागतो, विशेषतः भाव पाडण्याआधी. १०० रुपयांच्या मालावर बदलता खर्च वजा जाऊन १६ रुपये उरत असतील आणि भाव ५ रुपयांनी उतरवला, तर उरतात ११. आधीइतकेच पैसे मिळवायला विक्री सुमारे ४५ टक्क्यांनी वाढायला हवी, तीही समोरच्याने भाव जागचा हलवला नाही तर. इतवारीच्या ठोक बाजारात तो संध्याकाळपर्यंतही थांबत नाही.

निर्णयाच्या कागदावर ‘उत्तम दर्जा, वेळेवर माल’ असं आलं तर कागद परत घ्यावा. याच्या उलट वागायचं कुणीच ठरवत नाही, त्यामुळे त्यात निवड झालेलीच नसते. ‘५० किलोखालची ऑर्डर घेणार नाही’ ही निवड आहे. तिच्यामुळे कोणते ग्राहक तुटतील, हेही शेजारी नावानिशी लिहावं.

उधारी आणि ग्राहकांचा वाटा दर तीन महिन्यांनी पुन्हा काढावा. सगळा तक्ता वर्षातून एकदा पुरे. संत्र्याच्या धंद्यात त्यासाठी मृग बहाराची तोड आटोपल्यानंतरचे दिवस बरे. बैठकीला मालकासोबत हिशेब लिहिणारा आणि माल रवाना करणारा, दोघंही हवेत. कोणता ग्राहक किती त्रासाने सांभाळला जातो, हे त्या दोघांनाच ठाऊक असतं.