सोयाबीनवर मारलेलं ‘पोटॅश’ पोटॅश नव्हतंच

सोयाबीन वीस दिवसांचं झालं होतं. आमच्या निपाणी भागात तेव्हा सगळ्यांना एकच घाई असते, तण दोन-चार पानांवर आहे तोवर इमाझेथापायर हे तणनाशक मारून मोकळं व्हायचं. भांगलणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर हजेरी परवडत नाही. नेमका त्याच आठवड्यात देवळापाशी मोटारसायकलवरून एक जण आला.

“दादा, तणनाशकाच्या झटक्यानं सोयाबीन पिवळं पडतंय न्हवं? त्यातच हे तेरा-शून्य-पंचेचाळीस सोडा, पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत हाय. मजुरी एकच.”

झटक्याची गोष्ट खरी, म्हणूनच फसलो. ह्या औषधानंतर पीक आठ-दहा दिवस पिवळसर दिसतं आणि आपसूक सावरतं. त्याला वेगळी पुडी लागत नाही.

अडीच एकराला किलोच्या चार पुड्या घेतल्या. बिल नाही, “थेट कंपनीचा माल.” पुडीवर हिरवागार फोटो; बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता कुठंच नाही. पंपाला दीडशे ग्रॅम. बादलीत हात घालून ढवळलं, पाणी होतं तसंच. खरं तेरा-शून्य-पंचेचाळीस विरघळताना बादली गार पडते, टोमॅटोला ड्रिपमधून सोडताना कितीदा अनुभवलंय. (गारव्यानं माल खरा ठरत नाही, युरियानंही पाणी गार होतं.) मनात पाल चुकचुकली, पण गडी पंप पाठीवर घेऊन उभा होता.

चौथ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या. फोनवर तो म्हणाला, “झटका हाय, थांबा.” पुढं नंबरच बंद. तणनाशकाच्या दुकानदारानं हात वर केले, “मिसळलं कुणाला विचारून?” बोलणं झोंबलं, पण चूक काय होतं? एकत्र मारलं की दोष कशाचा ते ठरत नाही, आणि भामट्याला तेच सोयीचं.

कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातले साहेब म्हणाले, एवढ्याशा रोपाला पानं ती किती? पोटॅश पेरताना जमिनीतून द्यायचं, फवारायचंच तर शेंगा भरताना. उघडलेली पुडी तक्रारीला चालत नाही. निरीक्षकानं सीलबंद मालाचा नमुना घ्यावा लागतो, आणि पक्कं बिल हवं. माझ्याकडं दोन्ही नव्हतं.

सव्वीस पंपांत पुड्या संपल्या होत्या, म्हणून बांधाकडचे शेवटचे पाच पंप नुसत्या तणनाशकाचे गेले. तेवढाच पट्टा दहा दिवसांत हिरवा झाला. घरची मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच दाखवतात.