दोन आण्यांची अंकलिपी आणि माझे चौदा हजार रुपये

पुण्यातील एका प्राथमिक शाळेत मी ३१ वर्षे पहिलीच्या वर्गाला शिकवले. निवृत्तीनंतर मी जुन्या सचित्र अंकलिप्या जमवू लागले. पहिलीतल्या मुलाच्या हाती पडलेले पुस्तक टिकत नाही. त्याचे कोपरे दुमडतात, चित्रांवर रंग फासला जातो आणि धाकट्या भावंडाची पाळी येईपर्यंत निम्मी पाने गळून जातात. म्हणूनच एके काळी घरोघर असलेल्या या पुस्तिका आज शोधूनही सापडत नाहीत, आणि हेच ओळखून एका विक्रेत्याने गेल्या वर्षी मला फसवले. माझ्यासारखा छंद असणाऱ्यांनी सावध राहावे, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे.

हा गृहस्थ मला रविवारी जुन्या बाजारात भेटला. जमिनीवर अंथरलेल्या पथारीवर पितळी कुलपे आणि जुन्या फ्रेमांच्या शेजारी त्याने एक अंकलिपी ठेवली होती. तिच्यात पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे होते, शेर आणि मण या जुन्या मापांची कोष्टके होती आणि क्षत्रियाचे चित्र कोणा मुलाने निळ्या पेन्सिलीने गिरवलेले होते. ती अगदी अस्सल होती आणि त्याने ती मला १५० रुपयांना दिली. मी शिक्षिका होते हे कळल्यावर तो मला ‘बाई’ म्हणू लागला आणि असे काही आले की आधी तुम्हालाच कळवीन, असे सांगून त्याने माझा नंबर घेतला. ती स्वस्तात दिलेली अस्सल प्रत माझा विश्वास बसावा यासाठीच होती, हे मला फार उशिरा उमगले.

महिन्याभराने त्याने दुसऱ्या अंकलिपीची छायाचित्रे पाठवली. ही १९३५च्या सुमाराची आहे, पूर्ण आहे आणि मुंबईचे एक गिऱ्हाईक उद्या सकाळी घेऊन जाणार आहे, असे त्याने सांगितले. त्याच संध्याकाळी आम्ही अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका हॉटेलात भेटलो. पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. ‘बाई, कागद ठिसूळ झालाय, फार हाताळू नका,’ असे तो म्हणाला आणि मला ते पटलेही, कारण जुना कागद खरोखरच तसा असतो. मुखपृष्ठावर ‘किंमत दोन आणे’ पाहिले आणि मी तिथल्या तिथे मोबाईलवरून १४,००० रुपये पाठवले.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी उजेडात बसून मी पाने उघडली. मधल्या तारेच्या टाचणीभोवती गंजाचा तांबूस डाग होता. टाचणीचा गंज कागदात मुरतो आणि पलीकडच्या बाजूलाही उमटतो, पण इथे पान उलटले तर मागची बाजू स्वच्छ होती. शिवाय डाग टाचणीपासून जवळजवळ अर्धा सेंटिमीटर सरकलेला होता. म्हणजे तो डागसुद्धा छापलेला होता. भिंग लावल्यावर त्यात निळे, गुलाबी आणि पिवळे बारीक ठिपके स्पष्ट दिसले आणि काळ्या अक्षरांच्या कडांनाही तेच. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवून छापलेल्या पुस्तकात अक्षराची शाई सलग असते आणि अनेकदा खिळ्यांचा दाब पानाच्या पाठीमागे बोटाला लागतो. इथे पान सपाट, गुळगुळीत होते.

काही पाने खऱ्या पुस्तकाची छायाचित्रे घेऊन छापलेली होती, पण सगळी नव्हे. ‘ळ’च्या पानावर कमळाचे चित्र आणि खाली ‘कमळ तळ्यात उमलते’ असे वाक्य होते. १९३५ साली हे वाक्य ‘कमळ तळ्यांत उमलतें’ असे छापले गेले असते. न उच्चारले जाणारे हे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी गेले. गहाळ झालेली पाने कोणीतरी संगणकावर नव्याने तयार करून मध्ये घातली होती. आयुष्यभर मुलांचे शुद्धलेखन तपासणाऱ्या मला आदल्या संध्याकाळी ते दिसले नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आण्यांतल्या किमतीवर मी नको इतकी विसंबले. आण्यांच्या जागी दशमान नाणी, म्हणजे रुपयाचे शंभर पैसे, १ एप्रिल १९५७ रोजी आली, तेव्हा आण्यांतली किंमत फार तर पुस्तक त्याआधीचे असावे एवढेच सुचवते. अंकलिप्यांवर पुष्कळदा साल छापलेले नसते, त्यामुळे विक्रेता सांगेल ते साल आपण मान्य करतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते पान १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे आहे, हेही पाहावे. पण सगळ्यात आधी पुस्तक पिशवीतून बाहेर काढून घ्यावे, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पान उलटावे, आणि विक्रेता यापैकी कशालाही नकार देत असेल तर पैसे न देता उठावे. घाई त्याची असते. शंभर वर्षे टिकलेले पुस्तक आणखी एक दिवस थांबू शकते.

त्याचा फोन त्याच आठवड्यात बंद झाला. पैसे पाठवल्याची नोंद आणि त्याने पाठवलेली छायाचित्रे जोडून मी पोलिसांकडे अर्ज दिला आहे. पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. ती पुस्तिका मी फाडली नाही. तिच्या प्रत्येक पानावर, चित्राला लागूनच, मी शाईने ‘नक्कल’ असे लिहिले आहे, जेणेकरून माझ्यामागे ती रद्दीत गेली तरी पुन्हा कोणाला विकता येणार नाही.