जुन्या डीएसएलआरला ३२ जीबी की १२८?

मित्र भिगवणला पक्षी टिपायला निघालाय आणि मेमरी कार्डावर अडलाय. पाकिटावरचा स्पीडचा आकडा सोड रे, कॅमेरा जागा होताना फोटो लिहीत नाही, कार्ड वाचतो, फोल्डर बघतो, जागा किती उरली ते तपासतो, म्हणून हजारो फोटो कोंबलेलं १२८ काही जुन्या बॉडीत अडखळतं आणि तेवढ्यात खंड्या उडालेला असतो. कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलेलं ३२ लगेच तयार. शिवाय १२८ म्हणजे एसडीएक्ससी, ३२ जीबीच्या वरच्या कार्डांचा नंतर आलेला प्रकार, २००९ आधीच्या बॉडीत बहुधा चालायचंच नाही. किमतीतही ३२ स्वस्त. पण २५ एमबीची रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) धरली तर साधारण १२०० फोटोंत भरतं.

पक्ष्यांसाठी ३२ ची दोन घे. लग्न, व्हिडिओ असेल तर १२८, फक्त दरवेळी रिकामं करून ने.