एफ/१० दुर्बिणीला कोणता रिड्यूसर लावावा: ०.५ की ६.३?

आठ इंची एफ/१० (नाभीय अंतर व्यासाच्या दहापट) श्मिट-कॅसेग्रेन या आरसा-भिंगाच्या दुर्बिणीला छोट्या सेन्सरचा कॅमेरा लावला की पहिल्याच रात्री लक्षात येतं, २०३२ मिमी नाभीय अंतर आणि जेमतेम सहा मिमी कर्णाचा सेन्सर यांचं काही जमत नाही. एम १३ हा तारकागुच्छ लावावा तर चौकटीत नुसता त्याचा गाभा. रिड्यूसर, म्हणजे नाभीय अंतर कमी करून चौकट रुंद करणारं भिंग, हवाच; कोणता, एवढंच ठरवायचं.

मी आधी १.२५ इंची ०.५ वाला (नाभीय अंतर निम्मं करणारा) घेतला, आणि खरं सांगतो, दोन हिवाळे खूश होतो. फिल्टरसारखा कॅमेऱ्याच्या नोजपीसवर (पुढच्या नळीवर) फिरवून बसवायचा, झालं. सेन्सरपासून साधारण पन्नास मिमीवर ठेवला की दुर्बीण एफ/५ होते. मधल्या अंतराच्या रिंगा काढून जवळ आणला तर कपात कमी. एफ/१० ला जिथे ४० सेकंद लागायचे तिथे १० सेकंदांत काम होतं. एम ५१ ही दीर्घिका जोडीदार दीर्घिकेसकट चौकटीत मावते. कडेच्या ताऱ्यांना बारीक शेपट्या फुटतात, पण एवढ्याशा सेन्सरवर त्या मला कधी खुपल्या नाहीत.

खुपलं ते वेगळंच. देवयानीतल्या मिराक ताऱ्याशेजारी, जेमतेम सात कलांवर (साठ कला म्हणजे एक अंश), एनजीसी ४०४ ही फिकट दीर्घिका आहे. ताऱ्याच्या झगमगाटात ती डोळ्यांना चकवते, म्हणून तिला ‘मिराकचं भूत’ म्हणतात. लाइव्ह स्टॅकिंग (येतील तशा फ्रेमा एकावर एक रचणं) सुरू केलं, आणि पडद्यावर दोन भुतं! दोन्ही धुरकट, दोन्ही गोल. हँड कंट्रोलरनं तारा जरा डावीकडे सरकवला, तर एक ठिपका त्याच्याबरोबर गेला आणि दुसरा उलट दिशेला. दुसरं रिड्यूसरमधलं परावर्तन. फ्रेमा वाढतात तसा नॉइज विरतो, पण असला डाग प्रत्येक फ्रेममध्ये असतो, त्यामुळे तो उलट ठसठशीत होत जातो. त्यानंतर कुठल्याही तेजस्वी ताऱ्याजवळ काही अंधुक दिसलं की आधी शंका. बघण्यातली मजाच गेली.

एफ/६.३ चा रिड्यूसर-करेक्टर (एफ/१० चं एफ/६.३ करणारा) मग मित्राकडून आठवडाभर उसना आणला. हा दुर्बिणीच्या मागच्या तोंडावर आट्यांनी बसतो आणि सेन्सरपासून साधारण १०५ मिमी अंतर मागतो. ते जुळवायला एक संध्याकाळ गेली. एफ/५ ला १० सेकंद पुरायचे तिथे आता १६ लागतात, चौकटही थोडी आखडते. पण मिराक लावला तेव्हा भूत एकच होतं, आणि तेही खरं. आठवडा संपायच्या आत मी माझा मागवला. एकदा लावला की काढायचाही नाही. आयपीससुद्धा त्याच्यातूनच वापरतो.

दोन्ही एकामागे एक लावून एफ/३.३ च्या आसपास जाणारे आहेत. मीही करून पाहिलं. कडेचे तारे पाहून एका रात्रीत आवरतं घेतलं. दुय्यम आरसा काढून तिथे कॅमेरा बसवायचा एफ/२ चा मार्ग वेगळाच. त्यात आयपीसला जागाच उरत नाही.

माझ्या नशिबी आलेला ०.५ च वाईट निघाला असेल, तुमचा कदाचित स्वच्छ निघेल. अल्ट-अझिमथ (वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे फिरणारं) माउंट दहा सेकंदांपुढे तारे ताणत असेल तर तोच घ्या, स्वस्तही पडतो. माझा अजून पेटीत आहे. एम २७ या तेजोमेघासाठी कधीतरी काढतो. मिराकच्या वाटेला मात्र त्याला नेत नाही.